बॅकअप कुठे जात नसतो

सोमवार, ६ मे २०२४. सकाळी १०.
आज एक तांत्रिक काम हाती घेतलं. टप्प्याटप्प्यानं लिहून ठेवतो, पुढे माझ्याच उपयोगी पडेल. अंदाजे वेळ अर्धा तास.

गेल्या महिन्यात लॅपटॉप फार हळू चालायला लागला होता. मी तो पुसून कोरा केला. नुसतं पुसणं नाही, 'खोलवर पुसा' असा ऑप्शन होता, तो निवडला. लोक घाबरत घाबरत पुसतात, कारण त्यांच्याकडे बॅकअप नसतो. माझ्याकडे आहे. आमच्या मुलानं, ऋषिकेशनं, गेल्या गुढीपाडव्याला हैदराबादहून एक पांढरा डबा पाठवला. वाय-फायही तोच, आणि पोटात डिस्कही. लॅपटॉप घरात कुठेही असो, दर तासाला त्यातलं सगळं हवेतून डब्यात जातं. वायर नाही, कटकट नाही.

आज ते परत घ्यायचं. लॅपटॉपवरून डबा उघडला. स्क्रीनवर आलं: या लॅपटॉपचा एकही बॅकअप सापडला नाही.

किरकोळ आहे. बॅकअप कुठे जात नसतो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं मी कॉम्प्युटर कक्ष सांभाळला. कॉम्प्युटर एकच होता, पण माझ्या काळात एकदाही बंद पडला नाही. पडला तेव्हा मी रजेवर होतो.

दुपारी १.३०.
जेवायला उशीर. अर्धा तास हा कामाचा होता, विचाराचा वेळ त्यात धरला नव्हता.

मंगळवार, ७ मे.
डबा बंद करून चालू केला. नऊ वेळा. फरक नाही, पण पद्धत योग्य होती.

चंद्रकलानं विचारलं, किनारी सापडल्या का. म्हटलं, हरवल्याच नाहीत तर सापडतील कशा.

किनारींबद्दल लिहायला हवं, नाहीतर नोंद अपुरी राहील. माझे सासरे कवडूजी उमरेडला हातमागावर विणत. साडीच्या काठाची प्रत्येक नक्षी ते आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं भरत, एक चौकट म्हणजे एक धागा. करवत, रुईफूल, अशा चौसष्ट किनारी. ते गेल्यावर त्या कागदांची पेटी चंद्रकलाकडे आली. दोन वर्षांपूर्वी मी ते सगळे स्कॅन केले, सर्वांत भारी क्वालिटीत. एकेक कागदाला सात मिनिटं लागली. फोल्डरला नाव दिलं 'चंद्रकला'. नवऱ्यानं बायकोच्या माहेरासाठी एवढं केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता तिच्या भावाची मुलगी उन्नती हिनं उमरेडच्या घरी दोन माग पुन्हा उभे केले आहेत. तिला आजोबांच्याच किनारी विणायच्या आहेत. २६ तारखेला, रविवारी, ती न्यायला येणार. म्हणजे एकोणीस दिवस आहेत. मला एक पुरे.

बुधवार, ८ मे.
कारण सापडलं. ऊन. पारा ४३ वर आहे, आणि डबा हात लावला तर तव्यासारखा. माणसाला सुचत नाही या उन्हात, डिस्कला काय सुचणार. कूलरचं तोंड डब्याकडे केलं. दिवसभर डबा गार. आम्ही दोघं स्वयंपाकघरात, टेबलफॅनपुढे.

चंद्रकला म्हणाली, डब्याले थंडी वाजत असंल तर चादर टाका. तिला विनोदाची सवय नाही, म्हणून तो असा वेळ न पाहता येतो.

गुरुवार, ९ मे.
ठराव: ऋषिकेशला फोन करायचा नाही. एक, तो कामात असतो. दोन, तो आधी 'तुम्ही काय केलं' असं विचारतो. या प्रश्नातच आरोप आहे.

सायंकाळी ६.
चंद्रकलानं परस्पर फोन केला. स्क्रीनवर काय येतं त्याचा फोटो पाठवा, असा निरोप आला. मी डब्याचाच फोटो पाठवला, चांगल्या उजेडात. त्याचं उत्तर नाही. बहुधा त्यालाही जमलेलं नाही.

शुक्रवार, १० मे. अक्षय तृतीया.
रसपोळी. अक्षय म्हणजे ज्याला क्षय नाही ते. बॅकअपची याहून चांगली व्याख्या होऊ शकत नाही. आजच्या दिवशी केलेलं काम टिकतं, म्हणून चार निरनिराळे पासवर्ड टाकून पाहिले. पाचव्याला डब्यानं मला दोन तास बाहेर ठेवलं. डब्याची सुरक्षा उत्तम आहे हे यातून सिद्ध झालं. जी वस्तू मलाच आत घेत नाही, तिच्यातून बॅकअप चोरीला जाणं शक्य नाही.

शनिवार, ११ मे.
हवेतून जाणाऱ्या गोष्टीला भिंती आडव्या येतात. डबा हातात घेऊन घरभर फिरलो, मागून एक्स्टेंशनची वायर. देवघर: काही नाही. बाल्कनी: काही नाही. कणकेच्या डब्यावर ठेवला तेव्हा यादीत क्षणभर काहीतरी हललं. तिथेच राहू दिला. चंद्रकलानं संध्याकाळी पोळ्यांऐवजी भात केला. तिला कणीक काढता येत नव्हती. मी भाताचं कौतुक केलं.

शेजारचे गणपतराव गॅलरीतून हे सगळं पाहत होते. त्यांनी सांगितलं की ते सगळं एका पेन ड्राइव्हवर ठेवतात आणि तो किल्लीच्या जुडग्यात. मला त्यांची कीव आली. तसं मी त्यांना समजावूनही सांगितलं, वीस मिनिटं.

सोमवार, १३ मे.
चंद्रकला म्हणाली, तुमचं चालू द्या, तोवर मी बाबांच्या पेटीतले कागद काढते. उन्नतीला तेच दाखवू.

मी म्हटलं, पेटीची चावी सापडत नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. ही डायरी कोणी वाचत नाही. कागद पेटीत नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत मी ते कबाडीवाल्याला दिले. पिवळे पडले होते, कडा गळत होत्या, वाळवीचा धोका होता. आणि मुख्य म्हणजे स्कॅन झाले होते. एक वस्तू दोन ठिकाणी ठेवणं म्हणजे डिजिटल पद्धतीवर अविश्वास. पेटीत आता पांढऱ्या डब्याचं खोकं आहे, थर्माकोलसकट. वॉरंटीसाठी ते लागतं.

तिला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. कागद गेले नाहीत, त्यांचं स्वरूप बदललं.

चावी माझ्या शर्टाच्या खिशात आहे. धुवायला टाकताना काढायची आठवण ठेवावी.

मंगळवार, १४ मे. सकाळी ११.
बँकेत जातो सांगून स्कूटरवर कामठी रोडला गेलो. कबाडीवाल्याचं गोदाम तिथे आहे. माणूस सज्जन. खुर्ची दिली, पाणी दिलं. दिवाळीचे कागद म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. कागद त्याच्याकडे आठ दिवसही राहत नाही, गठ्ठे बांधून कारखान्यात जातो आणि तिथे त्याचा लगदा होतो. त्यानं विचारलं, काही महत्त्वाचं होतं का.

मी म्हटलं, नाही, सहज चौकशी.

एकूण तपास समाधानकारक. कागद त्याच्यापर्यंत व्यवस्थित पोचले होते, वाटेत कुठे पडले नाहीत.

परतताना सिग्नल हिरवा झाला तरी मी उभाच होतो. मागचे हॉर्न वाजवत होते. ऊन लागलं असावं. घरी आल्यावर कांदा खाल्ला.

गुरुवार, १६ मे.
डब्याच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. पस्तीस मिनिटं संगीत, मग एक मुलगी. तिनं विचारलं, तुमच्या लॅपटॉपचं नाव काय. मी म्हटलं, तुमच्या डब्यातून माझा बॅकअप गेला आणि तुम्ही मला नाव-गाव विचारता. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी वरिष्ठांना बोलवायला सांगितलं. पुन्हा संगीत. मीच ठेवून दिला. नमतं घेतलं नाही.

ठराव: रविवारपर्यंत न सापडल्यास लेखी तक्रार.

शुक्रवार, १७ मे.
चंद्रकलानं चौकातल्या दुकानातून अपेक्षा नावाच्या इंजिनियर बाईंना उद्या बोलावलं आहे. मला न विचारता. माझा विरोध नाही. नवीन पिढीनं असे गुंतागुंतीचे प्रसंग पाहावेत. आतापर्यंत केलेल्या उपायांची यादी करून ठेवली, तीन पानं.

शनिवार, १८ मे. दुपारी १२.
सापडला.

अपेक्षाबाई तिशीच्या. बूट बाहेर काढले, पाणी घेतलं, डबा कणकेवरून खाली घेतला आणि विचारलं, लॅपटॉपचं नाव बदललं का काका. पुसून कोरा केल्यावर मी त्याला 'ईश्वरदास-टू' असं नवं नाव दिलं होतं, पुनर्जन्म म्हणून. आधीचं होतं 'ईश्वरदास'. डबा नव्या नावाचा बॅकअप शोधत होता. जुन्या नावाचे सगळे जिथल्या तिथे होते. चारशे बारा बॅकअप. त्यांना दहा मिनिटं लागली. माझी तीन पानं त्यांनी वाचली नाहीत.

मी चंद्रकलाला हाक मारून सांगितलं, मी काय म्हणत होतो. बॅकअप कुठे जात नसतो. चहा टाक वं, म्हटलं, दोघींना आणि मला.

दुपारी ४.
बारा वाजताची नोंद अपुरी राहिली. पूर्ण करतो.

बॅकअप उघडला. पाणीबचतीवरच्या माझ्या व्याख्यानांचे त्र्याण्णव व्हिडिओ: आहेत. महापालिकेला लिहिलेली पत्रं: आहेत. रामटेकच्या सहलीचे फोटो: आहेत, दोनदा आहेत. 'चंद्रकला': नाही.

अपेक्षाबाईंनी पुन्हा शोधलं. मग सेटिंगमध्ये कुठेतरी खोल गेल्या आणि थांबल्या. तिथे एक यादी असते, हे फोल्डर घेऊ नका अशी. यादीत एकच नाव होतं. तारीख गेल्या गुढीपाडव्याची.

मला आठवलं. पहिल्याच दिवशी डबा म्हणाला होता, जागा कमी पडेल, काहीतरी वगळा. मी सर्वांत जड फोल्डर पाहिला. सर्वांत जड तोच होता, कारण स्कॅन मी सर्वांत भारी क्वालिटीत केले होते. तात्पुरतं वगळलं होतं. व्हिडिओ गेले की परत घेणार होतो.

मी म्हटलं, हे डब्यानं आपोआप केलं असेल.

"काका, ही यादी आपोआप नाही बनत," अपेक्षाबाई म्हणाल्या. "कोणालातरी हातानं टाकावं लागते."

लॅपटॉपच्या डिस्कमधून काही काढता येईल का, म्हणून त्यांनी दहा-पंधरा मिनिटं प्रयत्न केला. खोलवर पुसल्यामुळे काही उरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, असं पुसणं फार कमी लोक करतात.

चंद्रकला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, माहीत नाही. ट्रे तिनं टेबलावर ठेवला. "असू द्या," म्हणाली. "बाबांचे कागद आहेत पेटीत. चावी शोधा, नाहीतर कुलूप तोडा."

मी चावी काढून दिली. तिनं आतल्या खोलीत जाऊन पेटी उघडली. थर्माकोलचा आवाज आला. मी दारापर्यंत गेलो आणि सांगितलं, दिवाळीत कबाडीवाल्याले देले.

"मले विचारलं का तुम्ही?"

एवढंच. मोठ्यानंही नाही. अपेक्षाबाई बाहेर बूट घालत होत्या, चहा तसाच राहिला.

रविवार, १९ मे.
घरात शांतता. शांततेत काम चांगलं होतं. कंपनीला तक्रारीचा मसुदा केला. मुद्दा: बायकोच्या नावाचा फोल्डर वगळताना यंत्रानं किमान तीनदा विचारायला हवं. मसुदा इंग्रजीतून. चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी तिसऱ्या ओळीत 'मी' येतो, आणि तिथून पुढे पत्र भलतीकडेच जातं. उद्या नव्यानं.

जेवण वाढलं जातं, वेळेवर. वरणात मीठही बरोबर असतं. तोच त्रास आहे. मीठ जास्त पडलं असतं तर मला बोलता आलं असतं.

मंगळवार, २१ मे.
चंद्रकला उन्हात बाहेर जाऊन चौकटीच्या कागदांचे दोन दस्ते घेऊन आली. मी आणले असते. दुपारभर हॉलमध्ये खाली बसून होती, टीव्ही बंद. पुटपुटत मोजत होती. तीन वर, तीन खाली, एक सोड. मांडीवर डाव्या हाताची बोटं हलत होती, काहीतरी ओढल्यासारखी. संध्याकाळी पाहिलं तर कागदावर करवत. दात न् दात.

मी विचारलं, हे तुला कसं येतं. ती म्हणाली, अकराव्या वर्षापासून लग्नापर्यंत मीच तर बसत होती मागावर, बाबा नक्षी भरत होते.

ही माहिती मला होती. अडतीस वर्षं होती. पण माहिती म्हणून होती.

बुधवार, २२ मे.
नऊ किनारी. तिच्या गतीनं आणि उरलेल्या दिवसांनी गणित मांडून दाखवलं. म्हणाली, गणित तिकडे ठेवा. ठेवलं.

काढून झालेले कागद मी लगोलग स्कॅन करू का, असंही विचारलं. तिनं कागद गादीखाली सरकवले.

शुक्रवार, २४ मे.
सत्तावीस. कामठीच्या कौशल्याशी, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीशी, फोनवर दीड तास. रुईफुलाची पाकळी पाच धाग्यांची की सात, यावर वाद. दोघी एकमेकींना खोटं पाडत होत्या आणि मधेच हसत होत्या. माझ्याकडे स्कॅन असते तर एका मिनिटात निकाल लागला असता, असं माझ्या मनात आलं. हे मी बोललो नाही. नोंद करण्यासारखा संयम.

एका कागदावर मला चूक दिसली, एक चौकट जास्त. ती खोडून दिली. ती चूक नव्हती. किनार तिथे वळते. तिनं तो कागद पुन्हा केला, पहिल्यापासून.

रविवार, २६ मे.
उन्नती उमरेडच्या बसनं आली, साडेदहाला. सगळे कागद दिवाणावर मांडले. एक्केचाळीस. उन्नती बराच वेळ वाकून पाहत होती. मग विचारलं, आत्या, बाकीचे?

मी घसा साफ केला. डब्याचा तांत्रिक इतिहास सांगायची तयारी होती. पण चंद्रकलाच बोलली. बाकीचे तेवीस आठवत नाहीत, म्हणाली. नक्षी डोळ्यांपुढे येते आणि मधेच तुटते. कबाडीवाल्याचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. कागद गेले, एवढंच म्हणाली.

मी पंख्याकडे पाहत होतो.

थोड्या वेळानं मी म्हटलं, ते मी दिले. कबाडीत. दिवाळीत. मामाजी, पाणी घ्या, उन्नती म्हणाली आणि स्वतःच उठून आणलं. माझ्याच घरात तिनं मला पाणी दिलं.

"डोक्याले नाही वं आठवत," चंद्रकला तिला सांगत होती. "हाताले आठवते. मागावर बसल्याशिवाय नाही यायचं ते."

मग चल की, उन्नती म्हणाली.

दुपारी ३.
गेल्या. चंद्रकलानं दोन साड्या आणि चष्मा घेतला. किती दिवस, विचारलं तर म्हणाली, येईन. कागदांची गुंडाळी उन्नतीनं छातीशी धरली होती. मी सुचवलं की निदान फोनवर फोटो काढून घ्या, हवेतून इकडे पाठवा, मी सांभाळतो. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. उन्नतीनं मान डोलावली, लहान मुलाला डोलावतात तशी.

मंगळवार, २८ मे.
एकटं राहणं अवघड नाही. भात जमतो. 'ईश्वरदास-टू' हे नाव बदलून पुन्हा 'ईश्वरदास' केलं. त्र्याण्णव व्हिडिओ पुसले. जागा रिकामी झाली आहे, भरपूर. साधंच पुसलं. पुढे कोणी विचारलं तर काढता यावेत.

गणपतराव आले होते, वहिनी दिसत नाहीत म्हणून. मी म्हटलं, प्रशिक्षणाला गेल्या आहेत. कोणाच्या, ते विचारलं नाही त्यांनी.

गुरुवार, ३० मे.
सकाळी ८ वाजता तिचा फोन. मागं खटखट चालू होती, त्यामुळे मोठ्यानं बोलत होती. काल एक आली, म्हणाली. बेचाळिसावी. पाय दाबला न् आपोआप आली, मलेच कळलं नाही. तिचा असा आवाज मी पूर्वी कधीतरी ऐकला असेल. आठवत नाही.

मी विचारलं, मी इथून काय करू. यादी करू शकतो. स्कॅनर घेऊन येऊ शकतो. उमरेडला वाय-फायचं काय आहे, ते पाहू शकतो.

"तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली.

ठराव: आजपासून काही करायचं नाही. काटेकोरपणे.

दुपारी १.
पाच तास पाळलं. सकाळी सोपं होतं. आता जड जायला लागलं आहे.